लुटीचा माल परत द्यायचा, पण कोणाच्या हाती?

२०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं दोन ठिकाणी वस्तू रवाना केल्या. एक ठिकाण पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशातलं कुमासी. १८७४ च्या स्वारीत इंग्रजी फौजेनं तिथल्या अशांती नावाच्या राज्याचा राजवाडा लुटला होता. त्या लुटीतले आणि पुढच्या काळात नेलेले सोन्याचे अलंकार, राजचिन्हं अशा वस्तू राजवाड्याच्या संग्रहालयात पोचल्या. ब्रिटिश म्युझियमनं दिलेल्या धरून एकूण ३२. दुसरं ठिकाण आपलं सातारा. जुलैमध्ये तिथं वाघनखं आली. दोन्हीकडे गर्दी झाली, भाषणं झाली, आणि दोन्हीकडे करारातली मुदत सारखीच होती. तीन वर्षं.

म्हणजे हे देणं नव्हतं, उसनं देणं होतं. शेजाऱ्यानं आपलीच परात दाबून ठेवावी आणि मागायला गेलो तर ‘सत्यनारायणापुरती घेऊन जा, सोमवारी आणून द्या’ म्हणावं, तसं कुमासीच्या लोकांना वाटलं असेल तर नवल नाही. साताऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. ही वाघनखं युद्धात लुटलेली नाहीत; पेशव्यांच्या प्रधानानं ती ग्रँट डफला दिली, असं त्यांच्या पेटीवर लिहिलेलं आहे. डफ १८१८ नंतर साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट होता. राज्य नुकतंच बुडालेलं असताना जेत्याच्या अधिकाऱ्याला दिलेली भेट कितपत खुशीची असते, हा प्रश्न आहेच. त्याच पेटीवरच्या मजकुरात आणखी एक गंमत आहे. शिवाजी महाराजांनी या नखांनी ‘मोगल सरदार’ मारला, असं तिथं म्हटलंय. अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हे आपल्याकडे चौथीतलं पोरही सांगेल. ही तीच नखं आहेत याची खात्री देता येत नाही, असं खुद्द संग्रहालयच म्हणतं, आणि कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनीही त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता.

वस्तू कोणाची, ती कशी गेली, तिच्याबद्दल कोण काय लिहितो आणि ती परत द्यायची की उसनी, हे सगळे प्रश्न सध्या ज्या मोठ्या चर्चेत येतात तिला अभ्यासक निर्वसाहतीकरण म्हणतात. शब्द जडजंबाल आहे, कल्पना तशी नाही. परकी सत्ता गेली, झेंडा बदलला, तरी तिनं घालून दिलेली बरीच व्यवस्था जागच्या जागी राहते. कायदे राहतात, नकाशे राहतात, शाळेतले धडे राहतात. कशाला ज्ञान म्हणायचं आणि कशाला नुसती रूढी म्हणून बाजूला सारायचं, हे ठरवण्याचा अधिकारही बराचसा जुन्याच ठिकाणी राहतो. या उरलेल्या व्यवस्थेचा हिशेब मागणं म्हणजे निर्वसाहतीकरण. गेल्या काही वर्षांत या विषयावर ढिगानं पुस्तकं आली. त्यातली काही नुसती परिभाषेची कसरत आहेत. संग्रहालयांवरची पुस्तकं मात्र त्यातल्या त्यात वाचनीय, कारण तिथं वाद हवेत राहत नाही. वस्तू समोर असते, तिच्यावर नोंदणी क्रमांक असतो आणि ती कोणत्या साली आली ते कुठंतरी लिहिलेलं असतं.

त्यातही सगळ्यात जास्त शाई खर्ची पडलीय ती बेनिनवर. बेनिन म्हणजे आजचा बेनिन देश नव्हे. नायजेरियाच्या दक्षिणेत एडो लोकांचं एक जुनं राज्य होतं, त्याची राजधानी बेनिन सिटी. राजाला ओबा म्हणतात. या राज्यात पितळेचं ओतकाम कमालीला पोचलेलं होतं. पद्धत आपल्याकडच्या ओताऱ्यांना अनोळखी वाटणार नाही: मेणाचा नमुना करायचा, त्यावर मातीचा लेप चढवायचा, भाजलं की मेण वितळून वाहून जातं, उरलेल्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं आणि निवल्यावर माती फोडायची. साचा एकदाच वापरता येतो, त्यामुळे प्रत्येक काम एकमेव. सोळाव्या-सतराव्या शतकात असे शेकडो पत्रे घडवून राजवाड्याच्या खांबांवर ठोकले होते. त्यावर ओबा आहेत, सरदार आहेत, सेवक आहेत, आणि लांब केसांचे, टोकदार नाकांचे पोर्तुगीजही आहेत. जगभर त्यांना ‘बेनिन ब्राँझ’ म्हणतात, पण बहुतेक काम पितळेचंच आहे, शिवाय हस्तिदंताचंही भरपूर.

१८९७ च्या जानेवारीत जेम्स फिलिप्स नावाचा इंग्रज अधिकारी बेनिनकडे निघाला. तिथं वार्षिक विधी चालू होते, ओबा या काळात परक्याला भेटत नाही, आता येऊ नका, असा निरोप त्याला मिळाला होता. तो गेलाच. वाटेत बेनिनच्या सैनिकांनी तुकडीवर हल्ला केला. सात इंग्रज मारले गेले, आणि त्यांच्याबरोबरचे बरेच आफ्रिकन हमाल. त्या हमालांची नावं कोणी जपली नाहीत. फेब्रुवारीत बाराशेच्या आसपास सैनिक घेऊन ॲडमिरल रॉसन चाल करून आला. मशीनगन होत्या, रॉकेटं होती. १८ फेब्रुवारीला शहर पडलं. राजवाडा जळाला, ओबा ओव्होनरामवेनला कालाबारला हद्दपार केलं, आणि तिथंच १९१४ मध्ये तो वारला. खांबांवरचे पत्रे, मुखवटे, हस्तिदंत असं जे हाती लागेल ते जहाजांवर चढलं. काही सरकारनं विकलं, काही अधिकाऱ्यांनी आपापल्या घरी नेलं. लंडनच्या लिलावांत युरोपभरची संग्रहालयं तुटून पडली, त्यात बर्लिनचं सगळ्यात पुढं. आफ्रिकी हातांतून असं काम होऊ शकतं, यावर सुरुवातीला बऱ्याच विद्वानांचा विश्वासच बसेना. मग पोर्तुगिजांनी शिकवलं असेल, इजिप्तहून आलं असेल, असे तर्क निघाले.

लूट नेमकी किती, याचा आकडा अजून भांडणाचा आहे. २०२२ मध्ये ‘डिजिटल बेनिन’ नावाचं संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा त्यावर २० देशांतल्या १३१ संस्थांकडच्या पाच हजारांवर वस्तूंची नोंद होती. एकट्या ब्रिटिश म्युझियममध्ये नऊशेहून जास्त.

आता पुस्तकांकडे येऊ. डॅन हिक्स हा ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयातला अभिरक्षक. त्याचं ‘द ब्रुटिश म्युझियम्स’ २०२० मध्ये आलं आणि घरच्या माणसानंच घरच्यांची लाज काढावी तसा गलका झाला. त्याचं पहिलं म्हणणं असं की १८९७ ची स्वारी सात माणसांच्या खुनाचा सूड नव्हती, व्यापारासाठी बेनिनचं राज्य मोडायचं आधीच ठरलं होतं. या म्हणण्याला कागदाचा आधार आहे. नोव्हेंबर १८९६ मध्ये, म्हणजे हल्ल्याच्या आधी, याच फिलिप्सनं लंडनला लिहिलं होतं की ओबाला पदच्युत करण्याची परवानगी द्यावी, आणि मोहिमेचा खर्च राजवाड्यातल्या हस्तिदंतातून भागेल अशी आशा आहे. वसुलीचा अंदाज आधी, कारण नंतर. आपल्याकडची संस्थानं खालसा होण्याचा इतिहास वाचलेल्या माणसाला यात नवीन काहीच वाटू नये.

हिक्सचं दुसरं म्हणणं जास्त टोकदार आहे. लूट १८९७ साली झाली आणि संपली असं नाही, तो म्हणतो. रोज सकाळी संग्रहालयाचं दार उघडतं तेव्हा ती पुन्हा होते. काचेमागं ठेवलेली वस्तू जिंकणाऱ्याची गोष्ट सांगत राहते. म्हणून भिंतीवरचा फलक बदलून, त्यात ‘वसाहतकाळात संपादित’ असे गुळमुळीत शब्द घालून भागणार नाही. वस्तू परत गेली पाहिजे. युक्तिवाद पटतो. मात्र हे पुस्तक वाचताना खटकणारी एक गोष्ट आहे: बेनिनचं राज्य स्वतः कसं होतं, तिथं कोण कोणावर राज्य करत होतं, याला त्यात फारच थोडी जागा आहे. सगळा प्रकाश लुटारूवर पडतो, लुटलेला समाज एकसंध सावलीसारखा मागं उभा.

बेनेडिक्त साव्वा ही फ्रेंच कला-इतिहासकार बर्लिनमध्ये शिकवते. फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी २०१७ मध्ये आफ्रिकेत जाऊन वस्तू परत करण्याची घोषणा केली, तेव्हा त्यासाठीचा अहवाल तिनं आणि सेनेगलचे अर्थतज्ज्ञ फेलवीन सार यांनी मिळून २०१८ मध्ये लिहिला. त्यानंतर २०२१ मध्ये फ्रान्सनं २६ वस्तू बेनिन देशाला परत केल्या. हा मात्र तो दुसरा बेनिन, पूर्वीचं दाहोमे. सत्तर हजारांच्या साठ्यातून २६. तिचं ‘आफ्रिकाज स्ट्रगल फॉर इट्स आर्ट’ हे पुस्तक इंग्रजीत २०२२ मध्ये आलं, आणि माझ्या मते या सगळ्या गठ्ठ्यात ते सर्वांत महत्त्वाचं. ते सनसनाटी मुळीच नाही. जुन्या फायली उघडून ती एवढंच दाखवते की ‘आता कुठं ही मागणी सुरू झालीय’ हे साफ खोटं आहे. आफ्रिकी देशांनी स्वातंत्र्य मिळताच, १९६५ च्या सुमारापासून, वस्तू मागायला सुरुवात केली होती. १९७२ मध्ये नायजेरियाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख एक्पो एयो यांनी जर्मनीकडे काही बेनिन ब्राँझ निदान उसनी तरी द्या अशी विचारणा केली. नकार. १९७७ मध्ये लागोसला आफ्रिकी कलांचा मोठा महोत्सव झाला. बेनिनच्या राणी इडियाचा हस्तिदंती मुखवटा हे त्याचं बोधचिन्ह होतं, आणि खरा मुखवटा ब्रिटिश म्युझियमनं तेवढ्यापुरताही दिला नाही. १९७८ मध्ये युनेस्कोचे प्रमुख एम्बो यांनी जाहीर आवाहन केलं.

आणि युरोपातल्या संग्रहालयांनी काय केलं? भांडण नाही, ठाम नकारही क्वचित. नुसतं थांबवलं. समिती नेमायची, कायदेशीर मत मागवायचं, अधिकारी निवृत्त व्हायची वाट पाहायची. आपल्याकडे काय काय आहे याच्या याद्या बाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर मागणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटेल, असाही सल्ला जर्मन संग्रहालयवाल्यांनी आपसात दिल्याचं साव्वा कागदपत्रांतून दाखवते. सरकारी कचेरीत ‘साहेब नाहीत, सोमवारी या’ ऐकलेल्या प्रत्येकाला ही प्रकरणं ओळखीची वाटतील. १९८५ पर्यंत प्रश्न थकून झोपी गेला. पुढची तीस वर्षं कोणाला आठवणही नव्हती.

संग्रहालयांची बाजूही ऐकायला हवी. ती म्हणतात, आमच्याकडे जगभरच्या संस्कृती एका छपराखाली आहेत, कोणीही येऊन फुकट पाहावं. तिकीट फुकट असेल, व्हिसा नाही. बेनिन सिटीच्या इगुन रस्त्यावर ओताऱ्यांची वंशपरंपरागत वस्ती आजही काम करते. आपल्याच पूर्वजांच्या हातचं काम त्यातल्या बहुतेकांनी फोटोत पाहिलंय. दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. तो २०२३ मध्ये फुसका ठरला, कारण ब्रिटिश म्युझियममधूनच सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्याचं, हरवल्याचं किंवा खराब झाल्याचं निघालं आणि संचालकांनी राजीनामा दिला. पण हा मुद्दा अगदीच निराधार आहे असंही नाही. १९७३ मध्ये नायजेरियाचे लष्करशहा जनरल गोवॉन लंडन भेटीला निघाले, तेव्हा लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयातून एक खरं बेनिन शिर उचलून त्यांनी राणी एलिझाबेथला नजर केलं! त्याआधी ब्रिटिश म्युझियमनंच तीसेक पत्रे ‘आमच्याकडे दुबार आहेत’ म्हणून विकून टाकले होते, त्यातले काही थेट नायजेरियाला.

तिसरं कारण कायद्याचं, आणि उसनवारीचं कोडं तिथंच सुटतं. १९६३ चा ब्रिटिश म्युझियम कायदा आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला लागू असलेला १९८३ चा कायदा विश्वस्तांना संग्रहातली वस्तू काढून टाकू देत नाहीत, अगदी मोजके अपवाद सोडून. म्हणून मोठी संग्रहालयं उसनं देतात आणि ज्यांना हा कायदा लागू नाही अशी छोटी सरळ परत करतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयानं २०२२ मध्ये ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. केंब्रिजच्या जीझस कॉलेजनं पितळी कोंबडा परत केला. जर्मनीनं त्याच वर्षी हजाराहून जास्त वस्तूंची मालकी सोडली, नेदरलँड्सनं २०२५ मध्ये ११९ परत केल्या. कायदा आडवा येतो हे खरं, पण नाझींनी ज्यूंकडून लुटलेल्या वस्तू परत करता याव्यात म्हणून ब्रिटिश संसदेनं २००९ मध्ये खास कायदा केला होता. इच्छा असली की कायदा वाकतो.

इथवर गोष्ट सोपी आहे. लुटारू कोण, लुटला गेलेला कोण, दोन्ही स्पष्ट. बहुतेक पुस्तकं इथंच थांबतात, आणि माझ्या मते खरा अवघड भाग इथून पुढं सुरू होतो.

परत द्यायचं ते कोणाला? जर्मनीनं मालकी दिली ती नायजेरिया या देशाला. पण १८९७ साली नायजेरिया नावाचा देशच नव्हता. लुटला गेला तो ओबाचा राजवाडा, आणि ओबाचं घराणं आजही आहे. मार्च २०२३ मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांनी जाता जाता फर्मान काढलं: परत येणाऱ्या सगळ्या बेनिन वस्तूंचे मालक ओबा. युरोपात खळबळ उडाली, आम्ही जनतेला दिलं आणि गेलं एका घराण्याच्या घरात, म्हणून. केंब्रिज विद्यापीठानं ठरलेला समारंभ पुढं ढकलला. ओबांचे समर्थक म्हणाले, चोरानं मालकाला विचारू नये की तू वस्तू कुठं ठेवणार. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, हीच पंचाईत. पुढं २०२५ मध्ये ओबा आणि राष्ट्रीय पुरातत्त्व आयोग यांच्यात वस्तू सांभाळण्याबाबत समझोता झाला, तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेनिन सिटीतल्या नव्या पश्चिम आफ्रिकी कला संग्रहालयाच्या उद्घाटनाआधीच्या कार्यक्रमात आंदोलक घुसले आणि तो गुंडाळावा लागला. हे ओबांचं संग्रहालय का नाही, हा त्यांचा राग.

मग तिसरा दावेदार उभा राहिला, ज्याची कोणी कल्पनाही केली नव्हती. न्यूयॉर्कमधली रेस्टिट्यूशन स्टडी ग्रुप ही संस्था गुलाम म्हणून अमेरिकेत विकल्या गेलेल्यांच्या वंशजांच्या वतीनं बोलते. स्मिथसोनियन संग्रहालय २०२२ मध्ये बेनिन ब्राँझ परत करायला निघालं तेव्हा ही संस्था कोर्टात गेली. म्हणणं असं: हे पितळ आलं कुठून? पोर्तुगीज व्यापारी पितळेची जाड कडी आणत, त्यांना मनिला म्हणत. ती कडी देऊन ते माणसं, हस्तिदंत, मिरी विकत घेत. बेनिननं काही काळ पुरुष गुलाम विकण्यावर बंदी घातली होती हे खरं, पण माणसं विकलीही. ती कडी वितळवून पत्रे घडले. म्हणजे आमच्या पणज्यांची किंमत त्या धातूत आहे, आणि तो धातू तुम्ही त्यांना विकणाऱ्या राजाच्या वंशजाला देणार? कोर्टात ते हरले. पण २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी धातूचं पृथक्करण करून दाखवलं की मनिलांचं पितळ आणि बेनिनच्या कामातलं पितळ जुळतं, आणि त्याचं खनिज जर्मनीतल्या ऱ्हाइनच्या खोऱ्यातलं. प्रयोगशाळेची तशी गरजही नव्हती. बेनिनचाच एक पत्रा आहे, त्यावर पोर्तुगीज उभा आहे आणि त्याच्याभोवती कोरलेली मनिला कडी साध्या डोळ्यांना दिसतात. ओताऱ्यानं कच्च्या मालाची पावतीच जोडून ठेवलीय.

मराठी वाचकाला हा तिसरा आवाज परका वाटायचं कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना. परकी राज्य गेलं की सगळे मोकळे झाले, हे गणित त्यांना मान्य नव्हतं, कारण घरातली गुलामी परक्यांच्या आधीपासूनची होती. निर्वसाहतीकरणाच्या पुस्तकांत ‘स्थानिक समाज’ असं एकवचनी नाव आलं की मला फुले आठवतात. त्या समाजात राजा आहे, ओतारी आहे, विकला गेलेला माणूसही आहे. वस्तूवर तिघांचाही हक्क निघतो आणि तिघांचा हक्क सारखा नाही.

आपल्याकडचं ताजं उदाहरण घेऊ. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी यांची तलवार निघाली, आणि महाराष्ट्र सरकारनं मध्यस्थामार्फत ती ४७ लाख १५ हजारांना घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर कंपनीनं नागपूरचा खजिना लुटला त्यात ती गेली असावी, असं सरकारनं म्हटलं. लुटलेली वस्तू बाजारभावानं परत घ्यायची, हा परतीचा सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा प्रकार. खासगी हातांतून लिलावात आलेल्या जुन्या लुटीला कोणताही आंतरराष्ट्रीय करार लागू होत नाही. युनेस्कोचा १९७० चा करार मागं जाऊन लागत नाही.

पण तलवारीकडे नीट पाहा. पातं सरळ, युरोपात घडलेलं. आपल्याकडे याला फिरंगच म्हणत. त्यावर सोन्यात देवनागरी अक्षरं आहेत, सेनासाहेब सुभा रघूजी भोसल्यांच्या नावाची. परकं पोलाद, देशी मूठ, देशी मालक. अस्सल देशी आणि अस्सल परकं अशी सरळ फाळणी करायला निघालेल्यांची इथंच अडचण होते. आणि हे रघूजी भोसले बंगालमध्ये काय म्हणून ओळखले जातात? १७४२ पासून दहाएक वर्षं त्यांच्या फौजा बंगालवर चालून जात राहिल्या, भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली गावंच्या गावं लुटली गेली, शेवटी १७५१ मध्ये ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई घेऊन तह झाला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं त्याच काळात त्या स्वाऱ्यांचं वर्णन लिहून ठेवलंय, काव्याचं नाव ‘महाराष्ट्र पुराण’. बंगाली आया अजून अंगाई म्हणतात, बाळ निजलं, आळी शांत झाली, बारगीर आले, आता सारा कशानं भरायचा. आपल्या समारंभात यातलं काही ऐकू आलं नाही. तलवार परत आली हे चांगलंच झालं, यावर माझं दुमत नाही. फक्त तिच्या शेजारच्या फलकावर बंगालच्या दोन ओळी असाव्यात. ब्रिटिश म्युझियमच्या फलकांकडून आपण जी अपेक्षा करतो, तीच ही.

वाचायला घ्यायचं तर साव्वापासून सुरू करा. तिथं सिद्धांत कमी आणि पत्रव्यवहार जास्त आहे, त्यामुळे परिभाषेचा त्रास नाही. हिक्स नंतर वाचा, वाद घालत वाचा. मूळ पितळी पत्रे पाहायचे असतील तर डिजिटल बेनिनवर एकेका वस्तूची छायाचित्रं आणि ती कोणाच्या हातून कुठं गेली याच्या नोंदी फुकट आहेत. असंच मराठी वस्तूंचं एक दफ्तर आधी तयार व्हायला हवं. लंडन, एडिंबरा, लिस्बन इथं काय काय पडलंय, कोणत्या साली गेलं, कोणाकडून गेलं याची सलग यादी हाती असल्याशिवाय मागणार तरी काय? साव्वाच्या फायलींमधले अधिकारी यादीलाच घाबरत होते, ते उगीच नव्हे.